फॅट लागत नाही: प्रवरेकाठच्या एका गोठ्याचं प्रकरण

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संगमनेर तालुक्यातल्या एका पोराने दूध संकलन केंद्राच्या तीन पावत्यांचे फोटो पाठवले. फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, २.९, २.८, २.८ टक्के. खाली एक ओळ: ‘डॉक्टर, अजून किती पावडर घालू?’

ती पावडर मीच सांगितली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला तेव्हा फॅट ३.२ होती आणि मी दुसऱ्या गावात एका अडलेल्या गाईपाशी होतो. ‘बायपास फॅट चालू कर, गाईला रोज दीडशे ग्रॅम,’ म्हणालो आणि फोन ठेवला. बायपास फॅट म्हणजे मोठ्या पोटात न बिघडता पुढे आतड्यात पचणारी चरबीची पावडर. गोठा बघितला नाही, गव्हाणीत काय पडतंय तेही विचारलं नाही. हे सगळं लिहून काढायचं एक कारण ते आहे.

गोठा

प्रवरेकाठचं गाव, साडेतीन एकर बागायत, सोळा जनावरं, सगळी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. अकरा गाई दुधात, दोन आटवलेल्या, म्हणजे विण्याआधी दूध बंद केलेल्या, तीन कालवडी. दिवसाचं दूध १९० लिटरच्या आसपास, म्हणजे गाईमागे सतराला थोडं वर. घरात अण्णा, काकू, मुलगा आणि सून. धारा मशिनने, पहाटे पाचला आणि दुपारी चारला. लाळ्या-खुरकताची लस वेळेवर, जंताचं औषध झालेलं. २०२२ च्या लंपीत दोन कालवडींच्या अंगावर गाठी उठल्या होत्या, पण दोन्ही सावरल्या. त्यांतली एक आज दुसऱ्या वेताला अठरा लिटर देते. निष्काळजी म्हणावा असा हा गोठा नव्हताच. मुलाने वर्षभर मोबाईलवर बघून, चार ठिकाणी फिरून बरीच सुधारणा केली होती, आणि बिघाड नेमका त्या सुधारणेच्या पोटात होता.

गणपतीच्या आसपास फॅट ३.६ लागायची. दिवाळीत ३.३, आणि मग घसरतच गेली. आमच्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून बोलतात. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ टक्क्याला, कपात. त्यांच्या हिशेबाने लिटरमागे तीन रुपयांच्या आसपास जात होते. १९० लिटरला ते किती होतात, हे अण्णांनी मला दोनदा सांगितलं.

पैशापेक्षा त्यांना झोंबली होती ती केंद्रावरची कुजबुज. दुधाचा दाटपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरची डिग्री २९ आणि फॅट २.८. दुधात पाणी असतं तर डिग्रीही पडली असती. डिग्री टिकून नुसती फॅट खाली, म्हणजे साय काढून दूध घालतात, असं कुणीतरी बोलून गेलं. ‘चाळीस वर्षं दूध घालतोय,’ अण्णा म्हणाले, ‘आमच्यात चहालासुद्धा साय बाजूला काढत नाहीत.’ संशय चुकीचा होता, पण त्यामागचं गणित बरोबर होतं. डिग्री टिकून फॅट गेली, याचा अर्थ कासेत साखर आणि प्रथिनं नीट बनतायत, फक्त स्निग्धांश बनत नाही. मलाही पहिला धागा तिथेच मिळाला.

दुपारी दीड वाजता

गोठा बघायला लोक धारांच्या वेळी बोलावतात. मी मुद्दाम दुपारी गेलो. धारांच्या वेळी माणसांची लगबग दिसते. गाय काय करते हे बघायचं तर तिला कुणी काही मागत नसतं अशा वेळी जावं.

आधी सोप्या गोष्टी बाजूला केल्या. कॅनमधला नमुना ढवळून घेतात का? घेतात. न ढवळता तळातून घेतला तर फॅट कमी लागते, कारण स्निग्धांश वर येऊन बसतो. मशिन काढल्यावर कासेत दूध मागे राहतं का? धारेच्या सुरुवातीचं दूध पातळ आणि शेवटचं साईचं, त्यामुळे अर्धवट पिळलेली गाय फॅट कासेतच ठेवते. चारच्या धारेला मशिन निघाल्यावर चार गाईंच्या सडांना हात लावून बघितला, चुळकाभरसुद्धा निघालं नाही. सीएमटीच्या, म्हणजे कासेचा दाह ओळखायच्या चाचणीच्या, पॅलेटवर अकराच्या अकरा गाईंचं दूध घेतलं. दोघींच्या एकेका सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट झालं. म्हणजे छुपा दगडी (वरून न दिसणारा कासदाह) होता, पण चव्वेचाळीस सडांतल्या दोन सडांनी सगळ्या गोठ्याची फॅट सात-आठ पॉइंट पडत नाही. कीटोसिस, म्हणजे व्याल्यावर ऊर्जा कमी पडून होणारा आजार? त्यात फॅट उलट चढते. ऊन? डिसेंबर होता, पहाटे धुकं पडत होतं. थंडीत फॅट वाढायला हवी, आणि इथे उलटी चाल.

त्याआधी, दुपारी पोचल्यावरच, बादली उलटी टाकून गोठ्यात बसलो होतो. अकरातल्या सात गाई बसलेल्या. सातांपैकी रवंथ करत होत्या दोन.

निवांत बसलेल्या गाईंपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. त्या दोघींपैकी सोनी नावाच्या गाईचे चघळे मी मोजले. घास वर आला, एक, दोन, तीन… अडतीसला गिळला. पुढचा एकेचाळीसला. चांगलं खाल्लेली गाय एका घासाला पन्नास-साठ वेळा तरी चघळते.

काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘दिवाळीपासून गोठ्यात दुपारचा आवाजच बंद झालाय. आधी झोपायला टेकलं की कचकच ऐकू यायची.’

तपासणीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य हेच. त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगावं असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण दवाखान्याच्या भाषेत ‘आवाज’ हे लक्षण नसतं.

चाळणी आणि काडी

शेण एकसारखं नव्हतं. एकीचं घट्ट, शेजारणीचं पातळ आणि वर बुडबुडे. चारा तोच असताना शेणात एवढा फरक, म्हणजे पोट एका लयीत चालत नाही. सुनेकडून पिठाची जुनी चाळणी मागितली (‘परत नाही घेणार मी ती,’ ती म्हणाली). मूठभर शेण नळाखाली धुतलं. चाळणीत मक्याचे कण उरले, बोटाच्या पेरापेक्षा लांब धागे उरले आणि दोन-तीन ठिकाणी आतड्याच्या शेंबडाच्या पातळ पट्ट्या. पोटात जे पचायला हवं होतं ते न पचता पुढे सरकलं आणि मागे, मोठ्या आतड्यात जाऊन आंबलं, असा त्याचा अर्थ.

दोन गाई उभ्या राहताना पाय आलटून पालटून टेकत होत्या. तीन गाई भिंतीचा चुना चाटत होत्या.

मग मुरघास, म्हणजे हवाबंद बॅगेत आंबवून टिकवलेला हिरवा मका. बॅग फोडून मूठभर तळहातावर घेतला. वास छान, रंग छान, बुरशी नाही. पण हाताला रव्यासारखा लागला. खिशातल्या काडेपेटीतली काडी शेजारी ठेवली. बहुतेक तुकडे काडीच्या गुलाच्या दुप्पटसुद्धा नव्हते, जेमतेम चार-पाच मिलिमीटर. कापणीला आलेल्या मशिनवाल्याला मुलानेच सांगितलं होतं, ‘बारीक कर, गाई वेचून खातात, उष्टं फार राहतं.’ मशिनवाल्याने ऐकलं. उष्टं राहायचं बंद झालं, आणि त्याच्यासोबत रवंथही.

एका गाईच्या पोटातून नळीने द्रव काढून पीएचच्या, म्हणजे आम्लता मोजायच्या, पट्टीवर बघितला; आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. पट्टी पाच आणि सहाच्या मधला रंग दाखवत होती. नळीने काढलेल्या द्रवात लाळ मिसळते आणि आकडा असतो त्यापेक्षा चढा दिसतो. तरीही तो सहाच्या खाली होता.

वहीतला चारा

मुलगा हिशेबाची वही ठेवतो, हे त्याचं मोठंच. दर गाईला रोज मुरघास २५ किलो, कोवळं हत्ती गवत ५ किलो, गोळी पेंड ४ किलो, मका भरडा साडेतीन किलो. भरडा घरच्या मक्याचा. कडब्याचा शेकडा (शंभर पेंढ्यांचा भाव) परवडेना म्हणून दसऱ्यानंतर कडबा बंद केलेला, आणि सरकी पेंड महाग म्हणून तिच्या जागी भरडा. आंबोण, म्हणजे पेंड आणि भरडा मिळून, दोन वेळा, धारांच्या आधी, एका वेळी पावणेचार किलो.

कागदावर या चाऱ्यात खोट काढणं अवघड आहे. कोरडा भाग पंधरा किलोच्या आसपास, प्रथिनं पुरेशी, ऊर्जा भरपूर. पण गाय कागद खात नाही. मक्याचा मुरघास हाच मुळात अर्धा दाणा; त्यावर साडेतीन किलो भरडा; आणि चघळायला लावेल असं लांब, कोरडं काहीच नाही.

आत काय घडतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. गाईचं मोठं पोट म्हणजे शंभर लिटरच्या वरचं आंबवणाचं पिंप. त्यातले जिवाणू चाऱ्याचं आम्लात रूपांतर करतात आणि गाय त्या आम्लांवर जगते. धाग्यापासून बनणाऱ्या आम्लातून, म्हणजे अॅसिटेटमधून, कास स्निग्धांश तयार करते. स्टार्चमधून बनणाऱ्या आम्लावर दूध आणि वजन वाढतं. स्टार्च एकदम पडला की आम्ल भराभर साचतं. ते मारायला गाईकडे घरचा सोडा असतो, तिची लाळ. दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ मोठी गाय गिळते, आणि ती सुटते चघळताना. चघळायलाच काही नसेल तर लाळ नाही, लाळ नाही तर सोडा नाही. पीएच साडेपाचकडे उतरला की धागा पचवणारे जिवाणू मरगळतात. वर, चरबीवर अर्धवट प्रक्रिया होऊन काही अशी द्रव्यं तयार होतात की ती रक्तातून कासेत जाऊन स्निग्धांश बनवण्याचं कामच थोपवतात. दूध येतं, डिग्री लागते, फॅट लागत नाही.

याला उपतीव्र आम्लता म्हणतात. तीव्र आम्लतेत, म्हणजे जनावर सुटून धान्याच्या पोत्यात तोंड घालतं तेव्हा, ते आडवं पडतं आणि सगळं गाव जमतं. या प्रकारात गाय उभी असते, खाते, दूध देते. एक दिवस खाणं जरा कमी, दुसऱ्या दिवशी बरं. अमेरिकेत मांसासाठी पोसलेल्या गुरांना शेवटचे काही महिने जवळजवळ धान्यावरच ठेवतात. तिथे हीच आम्लता जनावर कापल्यावर यकृतातल्या गळवांच्या रूपात दिसते. आमच्याकडे ती आधी केंद्राच्या पावतीवर दिसते.

आता मधली गंमत. फॅट पडली तसा मुलगा घाबरला आणि त्याने गाईमागे किलोभर गोळी पेंड वाढवली. फॅट आणखी पडली. म्हणून भरडा अर्धा किलो वाढवला. त्यात माझी पावडर. एकीकडे पोटातली भट्टी भडकवायची आणि दुसरीकडे वरून बाहेरची चरबी ओतायची, असं आम्ही दोघं मिळून तीन आठवडे करत होतो.

काय बदललं

कडबा परत. गाईमागे तीन किलो, कुट्टी दीड-दोन इंचाची. ‘अजून बारीक नको का? राहील की,’ मुलाने विचारलं. राहू दे म्हटलं. पहाटे गव्हाणीत पहिला कडबा पडेल, आंबोण नंतर. रिकाम्या पोटावर भरडा पडणं आणि कडब्याच्या थरावर भरडा पडणं, यात गाईच्या दृष्टीने फार अंतर आहे.

भरडा साडेतीनवरून दीड किलोवर, टप्प्याटप्प्याने आठवड्याभरात. सरकी पेंड एक किलो. गोळी पेंड साडेतीन. असं सहा किलो आंबोण चार वेळा वाटून, एका वेळी दीड किलो. यावर घरात वाद झाला, कारण चार वेळा घालायचं कुणी? अण्णांनी दुपारची वेळ आपल्याकडे घेतली. मुरघास २२ किलोवर आणला, आणि तो कडब्यात कालवूनच द्यायचा. खाण्याचा सोडा गाईमागे शंभर ग्रॅम, तीन आठवडे. बायपास फॅट बंद. उरलेलं पोतं नुकत्या व्यालेल्या दोन गाईंना राखून ठेवलं. तिथे त्याचा उपयोग आहे.

पाणी हा वेगळाच मुद्दा निघाला. गाई दावणीला बांधलेल्या आणि पाणी दिवसातून तीनदा बादलीने. लिटरभर दुधाला चार-पाच लिटर पाणी लागतं. सतरा लिटरच्या गाईला तीन बादल्या म्हणजे चेष्टा. खर्च नको म्हणून मुक्त गोठा, म्हणजे गाई न बांधता मोकळ्या ठेवायची सोय, पुढे ढकलला, पण गव्हाणीच्या एका कडेला सिमेंटची अर्धी पाइप बसवून त्यात चोवीस तास पाणी सोडलं. ज्या सुधारणेला सगळ्यात कमी पैसे लागले तिचा फरक दोन दिवसांत दिसला.

सीएमटीत सापडलेल्या दोन गाईंच्या धारा सर्वांत शेवटी आणि धारेनंतर सगळ्यांचे सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, एवढं त्या बाजूने. दोघींचा पक्का इलाज त्यांना आटवताना करायचं ठरलं.

पहिले दहा दिवस

पहिल्या आठवड्यात फॅट हलली नाही आणि दूध मात्र अकरा लिटरने घटलं. मुलाचा रोज फोन. त्याचं चूक नव्हतं. पोटातली जिवाणूंची वस्ती नव्या चाऱ्याला सरावेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, पण केंद्राचं बिल दर दहा दिवसांनी येतं. चौथ्या दिवशी त्याने न सांगता भरडा थोडा वाढवला आणि सातव्या दिवशी स्वतःच कबूल केला.

पाचव्या दिवशी काकूंचा निरोप आला: दुपारी सहा बसल्यात, चार चघळतात. फॅटच्या आधी मला खात्री पटली ती या निरोपाने.

बाराव्या दिवशी फॅट ३.१. तीन आठवड्यांनी ३.४. जानेवारीच्या अखेरीस ३.५ आणि ३.६ च्या मध्ये स्थिरावली. दूध १९० वरून १७९ वर गेलं होतं, ते १८६ पर्यंत परत आलं. कडबा विकत घ्यावा लागला, भरडा वाचला, पावडरचा खर्च गेला. जमाखर्च मांडून मुलाने सांगितलं की चार लिटर कमी असूनही हातात आधीपेक्षा जास्त पडतात. केंद्रावरचं साईचं बोलणं कुणी मागे घेतलं नाही. अण्णा अजून त्या माणसाशी बोलत नाहीत.

सोनी

फेब्रुवारीत सोनी मागच्या उजव्या पायाने लंगडायला लागली. पाय उचलून खूर तासला तर तळव्यात रक्त उतरलेलं, आणि बाहेरच्या नखात तळवा फुटून व्रण झालेला. मुलगा म्हणाला, ‘आता तर सगळं सुधारलंय, मग आत्ता कसं?’

खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढतो. आम्लतेने दिवाळीनंतर खुराच्या आत जे बिघडलं ते तळव्याशी यायला दोन-तीन महिने लागतात. नोव्हेंबरचा भरडा फेब्रुवारीत लंगडत होता, एवढंच. निरोगी नखाला लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे दुखऱ्या नखावर भार येत नाही, आणि खाली भुशाची गादी. सोनी दीड महिन्यात पाय टेकायला लागली. दूध पंधराचं नऊवर आलं, ते या वेतात वर आलं नाही.

परदेशात बऱ्याच ठिकाणी अशी गाय गोठ्याच्या हिशेबातून सरळ मांसाच्या बाजारात जाते. दुधाचा धंदा आणि मांसाचा धंदा तिथे एकमेकांना टेकून उभे असतात. आपल्याकडे राज्याच्या १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी, आणि २०१५ पासून बैल-वळूंनाही. त्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, गोठ्यात त्याचा अर्थ असा की लंगडी, उलटणारी (पुन्हा पुन्हा भरवूनही गाभण न राहणारी), आटलेली गाय तुमच्या दावणीलाच राहते आणि रोज खाते. म्हणून आपल्याकडे एका गाईचा खूर बिघडू न देणं हे जास्तच महागामोलाचं. सोनीला ठेवायचं की नाही यावर घरात एकदाच बोलणं झालं. काकूंनी विषय संपवला.

पुढचा मका

मेच्या शेवटी मशिनवाला पुन्हा आला, उन्हाळी मक्यावर. मी तालुक्याला एका बैठकीत बसलो होतो, तेवढ्यात मुलाचा फोटो आला. तळहातावर मुरघासाची मूठ आणि शेजारी काडेपेटीतली काडी. खाली लिहिलेलं: ‘तुकडा अर्ध्या काडीएवढा भरतोय. चालेल का? मशिनवाला म्हणतो एवढा जाड कुणीच घेत नाही.’

मी फोटो मोठा करून बघितला. दाणे अख्खेच दिसत होते.

‘लांबी राहू दे,’ मी लिहिलं. ‘पण त्याला म्हणावं रोलर आवळ, दाणा फुटला पाहिजे. नाहीतर परत चाळणी मागायला येईन.’